सुचलेली वस्तू बाजारात नेताना: हौशी संशोधकाने पैसा कोणत्या क्रमाने खर्च करावा

नवी वस्तू सुचलेल्या माणसाला पहिला प्रश्न पेटंटचा पडतो, दुसरा कर्जाचा आणि तिसरा कारखान्याचा. ती वस्तू स्वतःच्या खिशातले पैसे काढून कोण घेईल, हा प्रश्न बहुतेक वेळा सर्वांत शेवटी येतो आणि तोपर्यंत साठवलेली रक्कम संपलेली असते. परभणीत नोकरी सांभाळून सुटीच्या दिवशी वेल्डिंगच्या दुकानात बसण्याचा नाद मला बरीच वर्षे आहे. शेतीकामाच्या काही लहान वस्तू मी करून विकल्या आणि ओळखीच्या अनेकांना याच वाटेने जाताना जवळून पाहिले. त्यावरून बनलेले माझे मत असे, की पैसा शंकेच्या क्रमाने खर्च करावा. ज्या गोष्टीविषयी सर्वांत मोठी शंका आहे, तिचा निकाल सर्वांत आधी आणि शक्य तितक्या स्वस्तात लावावा. पुढचा मजकूर त्याच क्रमाने लिहिला आहे. फक्त पेटंटच्या अर्जाच्या बाबतीत कायद्यामुळे हा क्रम थोडा मोडावा लागतो, तो कसा हे त्या जागी येईल.

उदाहरण म्हणून एकच वस्तू घेऊ: पोत्याचे तोंड उघडे धरून ठेवणारे घडीचे लोखंडी स्टँड. सोयाबीनची मळणी झाल्यावर पोती भरताना एक माणूस नुसते तोंड धरून उभा राहतो आणि दुसरा घमेल्याने माल ओततो. त्या पहिल्या माणसाची मजुरी वाचवणे एवढेच या स्टँडचे काम. वस्तू मुद्दाम साधी निवडली आहे, कारण अवघड यंत्राच्या बाबतीत माणूस तांत्रिक अडचणींत इतका गुंततो की बाजाराच्या अडचणी त्याच्या नजरेतून सुटतात.

गिऱ्हाईक कोण

नवी वस्तू दाखवून "कशी वाटली?" असे विचारण्यात अर्थ नाही. आपल्याकडे तोंडावर कोणी वाईट म्हणत नाही. "चांगलंय की सर, लई कामाचं हाय" हे उत्तर सौजन्याचे असते, खरेदीचे नसते. त्याऐवजी गेल्या मळणीविषयी विचारावे: किती पोती झाली, तोंड कोणी धरले, त्या माणसाला काय दिले, माणूस मिळाला नाही तेव्हा काय केले. घडून गेलेल्या गोष्टीविषयी माणूस खरे सांगतो. पुढे काय करीन, याविषयी तो समोरच्याला बरे वाटेल असे सांगतो.

त्यानंतर कच्चा नमुना एखाद्याच्या खळ्यावर ठेवून यावे आणि तो कसा वापरायचा हे मुद्दाम सांगू नये. आठवड्याने गेल्यावर स्टँड कोपऱ्यात पडलेले दिसले, तर तेच उत्तर समजावे. मात्र आपण ते परत मागितल्यावर "राहू द्या अजून, तूर निघू द्या" असे समोरचा म्हणाला, तर त्याच क्षणी किंमत सांगावी. थोडी का होईना, रक्कम हातात पडली तरच मागणी आहे असे मानावे. हे सगळे दोन-चार विश्वासातल्या माणसांपुरते ठेवावे आणि "ही वस्तू मला गुप्ततेने तपासण्यासाठी दिली आहे" अशा दोन ओळींवर त्यांची सही घ्यावी. सही मागायला संकोच वाटतो, पण तिची गरज पुढे पेटंटच्या वेळी कळते.

वापरणारा, पैसे देणारा आणि ज्याचा खर्च वाचतो तो, ही तीन वेगळी माणसे असू शकतात. पाच एकरांच्या शेतकऱ्याची मळणी एखाद्या दिवसात उरकते; वर्षातून एक-दोन दिवस लागणाऱ्या वस्तूसाठी तो हजार रुपये सहसा काढत नाही, आणि त्यात त्याचे चुकते असेही नाही. मळणीयंत्र घेऊन गावोगाव फिरणारा माणूस मात्र हंगामभर रोज पोती भरतो. जिथे तो स्वतःची माणसे आणतो आणि पोत्यामागे दर घेतो, तिथे वाचलेली मजुरी सरळ त्याच्या खिशात राहते. मोंढ्यातल्या आडत दुकानात पोती त्याहून जास्त भरली जातात, पण तिथले काम हमालांचे असते. त्यांच्या मजुरीवर गदा येते आहे असे त्यांना वाटले, तर वस्तू कितीही चांगली असो, ती मोंढ्याच्या दारातच अडते. शेतकरी उत्पादक कंपन्यांची खरेदी केंद्रे हे आणखी एक गिऱ्हाईक, ज्यांना ५० किलोचे तागाचे पोते आणि प्लास्टिकचे पोते अशी दोन्ही एकाच स्टँडवर बसायला हवी असतात. म्हणजे गिऱ्हाईक ठरल्याशिवाय स्टँडची उंची, तोंडाचा घेर आणि पाइपाची जाडीसुद्धा ठरत नाही.

आधी कोणी केले आहे का

हा शोध घरबसल्या, जवळजवळ फुकट होतो, तरी लोक तो टाळतात. बहुधा उत्तराची धास्ती असते. आधी बाजार पाहावा: जालना, लातूर, परभणी, नांदेड येथील अवजारांची दुकाने, कृषी प्रदर्शने, ऑनलाइन दुकाने आणि यूट्यूबवरील व्हिडिओ. मग पेटंटचा शोध घ्यावा. भारतीय पेटंट कार्यालयाची "इनपास" ही शोधसेवा, गुगल पेटंट्स आणि युरोपीय पेटंट कार्यालयाची एस्पासनेट, या तिन्ही सेवा विनामूल्य आहेत. शोध इंग्रजी शब्दांनी घ्यावा लागतो आणि एकाच वस्तूसाठी अनेक शब्द वापरून पाहावे लागतात, कारण पेटंटच्या भाषेत पोत्याच्या स्टँडलाही "धारक साधन" यासारखे लांबलचक नाव दिलेले असते.

शेतीच्या अवजारांत आणखी एक ठिकाण पाहावे लागते. २००० साली स्थापन झालेल्या आणि गुजरातेत कार्यालय असलेल्या नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनने देशभरातील शेतकरी आणि कारागिरांच्या कल्पनांची नोंद ठेवली आहे. जळगाव जिल्ह्यातील शेंदुर्णीचे गोपाळ भिसे यांनी सायकलचे चाक वापरून केलेले कोळपे त्या नोंदींत आहे, आणि आजही कोणी ना कोणी सायकल-कोळपे स्वतःला नव्याने सुचल्याचे सांगत येतो. अशा वेळी निराश होऊन काम सोडायचे कारण नाही. जुन्या वस्तूत नेमकी कोणती अडचण उरली आहे हे शोधावे. ओल्या काळ्या जमिनीत कोळप्याच्या पाशीला माती चिकटते, ती आपोआप निघून जाण्याची सोय करणे हा स्वतंत्र शोध होऊ शकतो.

पेटंट कायदा, १९७० च्या कलम ३ मध्ये कशाला पेटंट मिळत नाही याची यादी आहे. हौशी माणसाने निदान दोन खंड तरी वाचावेत. एक, शेती किंवा फळबागेची पद्धत पेटंटला पात्र नाही. दोन ओळींत किती अंतर ठेवावे यावर पेटंट नाही, ते अंतर राखणाऱ्या अवजारावर असू शकते. दोन, माहीत असलेली साधने नुसती शेजारी शेजारी बसवली आणि प्रत्येक साधन आपापले काम पूर्वीसारखेच करत राहिले, तर तो शोध मानला जात नाही. स्टँडला चाके लावली आणि खाली वजनकाटा ठेवला, एवढ्याने भागत नाही. पोते ठरलेल्या वजनाला आले की काट्याच्या हालचालीनेच तोंडाची पकड सुटते, अशी काही जोडणी केली तर गोष्ट वेगळी.

अर्ज आधी, गाजावाजा नंतर

क्रम मोडावा लागतो तो इथे. मागणी पुरती सिद्ध होण्याआधीच अर्ज करावा लागतो, कारण पेटंटला नावीन्य लागते आणि वस्तू एकदा जाहीर झाली की ते संपते. तालुक्याच्या बातमीदाराने छापलेला फोटो, इन्स्टाग्रामवरचा व्हिडिओ, कृषी प्रदर्शनातला टेबल, यांपैकी काहीही अर्जाच्या आधी घडले तर पुढे तेच आपल्याविरुद्ध पुरावा म्हणून येते. केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनात वस्तू मांडली तर १२ महिन्यांची सवलत कायद्यात आहे, पण आपल्याकडची बहुतेक कृषी प्रदर्शने त्या प्रकारात मोडत नाहीत. शाल आणि श्रीफळ घेण्याची घाई इथे महागात पडते.

सुदैवाने अर्जाची पहिली पायरी स्वस्त आहे. तात्पुरते विवरणपत्र (शोधाचे प्राथमिक लेखी वर्णन) जोडून ऑनलाइन अर्ज केल्यास व्यक्तीसाठी सरकारी शुल्क १,६०० रुपये आहे. त्यामुळे अर्जाची तारीख पक्की होते आणि पूर्ण विवरणपत्र देण्यासाठी १२ महिने मिळतात. त्या मुदतीत ते दिले नाही तर अर्ज सोडून दिल्याचे धरले जाते. मराठवाड्याच्या हिशेबात १२ महिने म्हणजे सोयाबीनचा एक हंगाम आणि तूर-हरभऱ्याचा एक हंगाम. मळणीच्या तोंडावर तात्पुरता अर्ज करावा, दोन्ही हंगामांत वस्तू उघडपणे विकून पाहावी आणि गिऱ्हाईक मिळाले तरच पुढचा खर्च करावा. मात्र तात्पुरत्या विवरणपत्रात जे लिहिले असेल त्यालाच ती तारीख लागू होते. "पोते धरण्याचे सोयीस्कर साधन" असे मोघम लिहून काही साधत नाही. पकड कशी बसते, घडी कशी होते, पाइपाऐवजी पट्टी वापरली तर काय बदलते, हे सगळे आकृत्यांसह लिहावे.

पुढचा खर्चही आधी माहीत असावा. अर्ज साधारणपणे १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो. तपासणी व्हावी यासाठी वेगळी विनंती करावी लागते. २०२४ च्या नियमदुरुस्तीनंतर त्याची मुदत ४८ महिन्यांवरून ३१ महिन्यांवर आली आहे आणि व्यक्तीसाठी शुल्क ४,००० रुपये आहे. महिला अर्जदार आणि मान्यताप्राप्त स्टार्टअप यांना जास्त शुल्क भरून जलद तपासणी मागता येते. तपासणी अहवालातील आक्षेपांना सहा महिन्यांत उत्तर द्यावे लागते, आणि खरी कसोटी तिथे असते. अर्ज स्वतः करता येतो, पण दावे (शोधात नेमके कशावर हक्क मागितला आहे ती वाक्ये) लिहिण्याचे आणि आक्षेपांना उत्तर देण्याचे काम नोंदणीकृत पेटंट एजंटाकडून करून घ्यावे असे माझे मत आहे. त्याची फी सरकारी शुल्काच्या कितीतरी पट असते, म्हणून ती हंगामाचा निकाल पाहून मगच खर्चावी. पेटंट मिळाल्यास मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे. तिसऱ्या वर्षापासून नूतनीकरण शुल्क लागते. व्यक्तीसाठी ते सहाव्या वर्षापर्यंत दरवर्षी ८०० रुपये असते आणि पुढे टप्प्याटप्प्याने वाढत जाते.

नक्कल झाली तर काय, याचाही विचार आधीच करावा. पेटंट मंजूर होण्यापूर्वी खटला भरता येत नाही. मंजूर झाल्यावर दावा जिल्हा न्यायालयात दाखल होतो, पण समोरच्याने पेटंटच रद्द करण्याचा प्रतिदावा केला की प्रकरण उच्च न्यायालयाकडे जाते. बाराशे रुपयांच्या स्टँडसाठी तालुक्यातल्या एका वेल्डरशी अशी लढाई लढणे परवडत नाही. तुरीचे शेंडे खुडण्याचे बॅटरीवरचे यंत्र आता गावोगावची दुकाने जोडून देतात; फवारणी पंपाची १२ व्होल्टची बॅटरी, लहान मोटर आणि पाते एवढाच ऐवज असल्यावर कोणाकोणाला अडवणार? त्यामुळे लहान वस्तूच्या पेटंटचा खरा उपयोग मोठ्या कंपनीशी बोलणी करताना होतो. ज्यांना कंपनीकडे जायचेच नाही, त्यांनी वस्तूच्या रूपाची डिझाइन नोंदणी आणि नावाचा ट्रेडमार्क यांचा विचार आधी करावा. डिझाइनसाठी व्यक्तीला १,००० रुपये शुल्क लागते आणि संरक्षण १० वर्षे, वाढवून आणखी ५ वर्षे मिळते. पण ते दिसण्याचे संरक्षण आहे, कामाचे नाही, आणि तिथेही जाहीर करण्याआधीच अर्ज करावा लागतो. ट्रेडमार्कचे शुल्क व्यक्तीसाठी ऑनलाइन ४,५०० रुपये असून नोंदणी दर १० वर्षांनी वाढवता येते. काही देशांत लहान शोधांसाठी हलक्या निकषांचे "युटिलिटी मॉडेल" असते. भारतात ती सोय नाही.

"आंतरराष्ट्रीय पेटंट काढून देतो, वस्तू कंपन्यांना विकून देतो" असे सांगून आधी मोठी रक्कम मागणारे मध्यस्थ भेटतील. जगभर चालणारे एकच पेटंट अस्तित्वात नाही. आंतरराष्ट्रीय करारानुसार होतो तो अनेक देशांसाठीचा सामायिक अर्ज, आणि पेटंट शेवटी प्रत्येक देशात वेगळेच घ्यावे लागते. ज्याला आपल्या वस्तूवर भरवसा आहे तो मध्यस्थ विक्रीतला वाटा मागेल. ज्याला फक्त आगाऊ फी हवी आहे, त्याला चहा पाजून वाटेला लावावे.

नमुन्यापासून मालापर्यंत

चालणारा एक नमुना करणे आणि एकसारखे शंभर नग करणे ही दोन वेगळी कामे आहेत. नमुन्यात वेल्डर डोळ्याने माप धरतो आणि अडले तिथे हातोड्याने बसवतो. शंभर नगांत तसे चालत नाही, म्हणून आधी कागदावर मापांसह आकृती आणि मग जिग लागते. जिग म्हणजे सगळे पाइप ठरलेल्या जागी पकडून ठेवणारा साचा, ज्यात टॅक (वेल्डिंगचा तात्पुरता टाका) मारला की कोन चुकत नाही. जिगेवर केलेला खर्च पहिल्याच खेपेत वसूल होतो. ती नसेल तर घडी प्रत्येक नगात वेगळ्या जागी अडकते आणि दुकानदार माल परत पाठवतो.

सपाट भाग लेझर कटिंगवर करून घ्यावेत. आकृतीची फाईल दिली की वाळूज, चिकलठाणा किंवा जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतील दुकाने पत्र्याच्या जाडीवर आणि कापाच्या लांबीवर दर लावतात, आणि थोड्या नगांनाही नाही म्हणत नाहीत. वाहनांचे सुटे भाग करणारे मोठे पुरवठादार मात्र लहान कामाकडे फारसे पाहत नाहीत. त्यांच्या दारात वेळ घालवू नये. साचे आणि डाय यांच्या कामासाठी छत्रपती संभाजीनगरमध्ये इंडो-जर्मन टूल रूम ही केंद्र सरकारची संस्था आहे. प्लास्टिकच्या भागांचा मोह पहिल्या वर्षी आवरावा, कारण इंजेक्शन मोल्डचा (प्लास्टिक ओतण्याच्या पोलादी साच्याचा) खर्च लाखांत जातो आणि एकदा पोलाद कापले की आकार बदलणे अवघड होते. पकडीच्या भागाचा आकार थ्री-डी प्रिंटवर तपासून, विक्री स्थिर होईपर्यंत तो पत्र्यातच करावा.

मोडलेली वस्तू गावात दुरुस्त झाली पाहिजे, ही अट माझ्या मते सर्वांत महत्त्वाची आहे. बोल्ट एम-८ चाच ठेवावा. त्याला १३ चा पाना लागतो आणि तो प्रत्येक ट्रॅक्टरच्या पेटीत असतो. फिरत्या भागात बेअरिंग लागत असेल तर ६२०२ सारखे तालुक्याच्या दुकानात मिळणारे घ्यावे. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये आणि पावसाळ्यात युरियाच्या गोण्यांना टेकून वस्तू पडून राहणार, हे धरून रंग निवडावा. ऑइलपेंटपेक्षा पावडर कोटिंग महाग पडते, पण गंज उशिरा धरते. वस्तूत लिथियमचे सेल असतील तर ते भारतीय मानक ब्युरोकडे नोंदलेले घ्यावे लागतात. पाते असेल तर त्याला गार्ड हवाच, आणि वापराच्या सूचना मराठीत हव्यात. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सदोष वस्तूमुळे झालेल्या इजेची जबाबदारी उत्पादकावर येऊ शकते, मग तो कारखानदार असो की शिक्षक.

तपासून घेण्यासाठी जिल्ह्याचे कृषी विज्ञान केंद्र गाठावे. तिथे शेतावरील चाचण्या आणि प्रात्यक्षिके होतात. बैलाच्या अवजारांत काही नवे असेल तर परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात पशुशक्तीच्या वापरावर काम करणारी संशोधन योजना आहे. तिथले अभियंते जोखड आणि ओढ मोजून सांगतात, जे आपल्या अंदाजापेक्षा पुष्कळदा वेगळे निघते. सरकारी अनुदानाच्या यादीत अवजार यावे असे वाटत असेल तर मान्यताप्राप्त केंद्राचा चाचणी अहवाल लागतो. ते काम लांबणारे आहे. पहिल्या वर्षी त्याच्या मागे लागू नये.

किंमत

आपण स्टँडचा हिशेब मांडून पाहू. आकडे उदाहरणादाखल आहेत, पण प्रमाण खरे आहे. लोखंड ३०० रुपये, कापणे-वाकवणे-वेल्डिंग १२०, चाके आणि बोल्ट ९०, पावडर कोटिंग ६०, बांधणी ३०, दुकानापर्यंतची वाहतूक ४०, असे ६४० रुपये होतात. बहुतेक हौशी माणसे इथे थांबतात आणि ८०० रुपये किंमत सांगून मोकळी होतात. परत आलेले नग आणि दुरुस्ती यांसाठी ३० आणि भाडे, फोन, प्रवास, नोंदण्या यांसाठी ८० धरले की ७५० झाले. त्यावर १५ टक्के नफा घेतला तर दुकानदाराला वस्तू साधारण ८६५ ला पडते. त्याने २५ टक्के चढवले की १,०८०, आणि १८ टक्के जीएसटी धरला तर शेतकऱ्याच्या हातात ती १,२७५ रुपयांच्या आसपास जाते. ६४० चे जवळपास दुप्पट झाले. नफ्याची किंवा दुकानदाराची बाजू कापून ही किंमत खाली आणता येत नाही, कारण दुकानदाराला पुरेसे मिळाले नाही तर तो आपली वस्तू मागे ठेवून दुसरी पुढे काढतो. ती खाली आणायची तर लोखंड आणि वेल्डिंगचे सांधे कमी करावे लागतात, म्हणजे पुन्हा आकृतीकडे यावे लागते.

कराचे वर्गीकरणही आधीच पाहून घ्यावे. खुरपे, विळा, कुदळ यांसारख्या शेतीच्या हातअवजारांवर जीएसटी शून्य आहे. लोखंडी स्टँड मात्र दुसऱ्या शीर्षकाखाली जाऊ शकते. मालाची वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर महाराष्ट्रात नोंदणीची सक्ती नाही, पण मग लोखंडावर भरलेला कर परत मिळत नाही आणि तो खर्चातच जातो. नांदेड, लातूर, धाराशिवच्या माणसाला आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते: तेलंगण किंवा कर्नाटकात करपात्र माल पाठवायचा झाला, तर उलाढाल कितीही लहान असली तरी नोंदणी लागते. बीदरचे गिऱ्हाईक लातूरहून जवळ असले तरी करासाठी ते परराज्यातलेच.

बाकी कागदपत्रे थोडक्यात सांगतो. उद्यम नोंदणी आधार आणि पॅनवर, ऑनलाइन आणि विनामूल्य होते. तिच्यासाठी पैसे मागणाऱ्याला देऊ नयेत. वेष्टनात माल विकायचा तर वैधमापन नियमांनुसार उत्पादकाचे नाव-पत्ता, वस्तूचे नाव, नगसंख्या, निर्मितीचा महिना व वर्ष, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापावा लागतो.

भांडवल

नमुना आणि पहिली लहान खेप स्वतःच्या पैशांतून करावी. तेवढेही जमत नसेल तर वस्तू आणखी साधी करावी. केंद्राच्या निधी-प्रयास योजनेत नमुना तयार करण्यासाठी १० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळू शकते, आणि ज्यांचे औपचारिक तांत्रिक शिक्षण नाही त्यांना नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशन पेटंट अर्जापासून मदत करते. छत्रपती संभाजीनगरमधील "मॅजिक" ही नवउद्योगांना मदत करणारी संस्था आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातील अटल इनक्युबेशन केंद्र येथे सल्ला आणि ओळखी मिळतात. अशा ठिकाणी जाताना सादरीकरणापेक्षा विकलेल्या नगांची वही जास्त उपयोगी पडते.

बँकेचे कर्ज त्यानंतर. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात उत्पादन उद्योगासाठी ५० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो. सर्वसाधारण गटाला स्वतःचा वाटा १० टक्के आणि ग्रामीण भागात अनुदान २५ टक्के, विशेष गटांना वाटा ५ टक्के आणि अनुदान ३५ टक्के. राज्याच्या मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाचे काम जिल्हा उद्योग केंद्रातून चालते. अनुदान मोठे दिसते म्हणून प्रकल्प मोठा करण्याचा मोह होतो. हप्ता मात्र अनुदानातून नव्हे, विक्रीतून फेडावा लागतो, आणि आपली विक्री वर्षातल्या चार-पाच महिन्यांतच होणार असते.

दुकान आणि उधारी

शेतीच्या वस्तूचा हंगाम चुकला की वर्ष गेले. सोयाबीनची मळणी दसऱ्याच्या आगेमागे सुरू होते, म्हणून स्टँड पोळ्यापर्यंत दुकानात पोहोचले पाहिजे आणि लोखंडाची खरेदी त्याआधी महिनाभर झाली पाहिजे. दुसरी संधी तूर आणि हरभऱ्याच्या वेळी येते. मार्गशीर्षात लोहा तालुक्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा भरते. जनावरांच्या त्या मोठ्या बाजारात अवजारे पाहायला येणारा माणूस घरातल्या कर्त्या माणसांपैकी असतो आणि पैसे घेऊन आलेला असतो. शहरातल्या प्रदर्शनातील महागड्या गाळ्यापेक्षा अशा यात्रेतला किंवा आठवडी बाजारातला पाल मला जास्त भरवशाचा वाटतो.

कृषी सेवा केंद्रात माल ठेवताना उधारीचा प्रश्न लगेच येतो, कारण तो सगळा व्यवसायच "सुगी झाल्यावर देतो" यावर चालतो. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना ४५ दिवसांच्या आत पैसे मिळावेत आणि उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मिळावे, अशी तरतूद २००६ च्या कायद्यात आहे. पण ज्याच्या दुकानात पुढच्या वर्षीही माल ठेवायचा आहे त्याच्याविरुद्ध कोणी अर्ज करत नाही. म्हणून प्रत्येक दुकानात थोडेच नग द्यावेत, पहिल्या खेपेचे पैसे आल्याशिवाय दुसरी पाठवू नये, आणि रोख घेणाऱ्याला सवलत उघडपणे द्यावी. लांबच्या गावी नेहमीच्या एसटी पार्सलने माल पाठवता येतो; स्टँडची घडी सपाट होत असेल तर सहा नगांचा एक गठ्ठा होतो आणि भाडे वाटले जाते. ही गोष्टही आकृती काढतानाच ठरते.

दुसऱ्याला बनवायला देणे

नोकरी सोडण्याची तयारी नसेल तर वस्तू परवान्यावर कंपनीला देणे हा मार्ग उरतो, आणि मी स्वतः तोच पसंत करतो. कंपनीकडे जाताना मंजूर पेटंट नसले तरी अर्जाचा क्रमांक, दोन हंगामांची विक्री आणि परत आलेल्या नगांची कारणे एवढे कागद सोबत असावेत. गुप्ततेचा करार मुद्रांकावर करून घ्यावा. २०२४ च्या ऑक्टोबरपासून महाराष्ट्रात त्यासाठी १०० ऐवजी ५०० रुपयांचा मुद्रांक लागतो. मोठ्या कंपन्या असा करार सहसा करत नाहीत. तेव्हा अर्ज झाला आहे हाच आपला आधार.

मोबदल्याची टक्केवारी कशावर मोजणार, हे टक्केवारीच्या आकड्याहून महत्त्वाचे असते. "नफ्यावर" असे कधीही मान्य करू नये, कारण नफा कागदावर हवा तितका कमी दाखवता येतो. कर वगळून येणाऱ्या विक्री किमतीवर मोजावा. विक्री झाली नाही तरी दरवर्षी ठरावीक किमान रक्कम मिळेल आणि हिशेबाच्या वह्या पाहण्याचा हक्क आपल्याला राहील, या दोन अटी घालाव्यात. ठरलेल्या मुदतीत उत्पादन सुरू झाले नाही तर हक्क आपोआप आपल्याकडे परत यावेत, हेही लिहून घ्यावे. स्वतःच्या जुन्या वस्तूला स्पर्धा नको म्हणून नवी वस्तू घेऊन कपाटात ठेवणाऱ्या कंपन्या असतात. पेटंटचा परवाना लेखीच असावा लागतो, तोंडी शब्द चालत नाही. मंजूर पेटंटवरील परवान्याची नोंद फॉर्म १६ भरून पेटंट कार्यालयात करावी लागते. महाराष्ट्रातील अर्जदारांसाठी ते कार्यालय मुंबईत आहे. त्या नोंदणीचा आणि पुढच्या नूतनीकरणाचा खर्च कोणी करायचा, हेही त्याच करारात लिहून घ्यावे.